तारेचं टोक कोणाचं? : कार्टरफोनची गोष्ट

परदेशातल्या भावाला घरच्या लग्नातली मंगलाष्टकं ऐकवायची म्हणून फोनचा रिसीव्हर लाउडस्पीकरच्या कर्ण्यापुढे धरून उभा राहिलेला एखादा मामा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. तो नेमकं काय करत असतो? एकमेकींशी तारेने काहीही संबंध नसलेल्या दोन यंत्रणा तो हवेतून जोडत असतो. कर्ण्यातून निघालेला आवाज चार बोटं हवा ओलांडतो आणि रिसीव्हरच्या तोंडाकडच्या टोकात शिरतो. वायर नाही, स्क्रू नाही, डाग देणं नाही. अशाच चार बोटं हवेवरून अमेरिकेत टेक्सासच्या एका रेडिओवाल्याने जगातल्या सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीशी झगडा मांडला आणि २६ जून १९६८ रोजी निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या माणसाचं नाव थॉमस कार्टर. त्याच्या यंत्राचं नाव कार्टरफोन.

दूरसंचाराच्या इतिहासावरच्या पुस्तकांत कार्टरफोन एखाद्या परिच्छेदात येऊन जातो. लहान माणसाने बलाढ्य कंपनीला नमवलं, आणि पुढच्या मोडेमचा, म्हणून घरोघरच्या इंटरनेटचा रस्ता तिथून मोकळा झाला, असं त्यात लिहिलेलं असतं. दोन्हींत तथ्य आहे. पण मूळ निर्णय वकील नसलेल्या माणसालाही एका बैठकीत वाचता येईल इतका छोटा आणि सरळ आहे, आणि तो वाचताना माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकलो ते दुरुस्तीच्या टेबलावर. त्यामुळे कायद्याच्या कलमांआधी मला यंत्राची जोडणी दिसते. कार्टरने जोडणीच अशी केली होती की तिच्यावर घेता येण्याजोगे बहुतेक तांत्रिक आक्षेप आधीच गळून पडत. मग कंपनीकडे उरला तो एकच आक्षेप : फोन आमचा आहे. तो एकटा उघड्यावर आल्यामुळेच त्याचा निकाल लावता आला, असं माझं मत आहे. ते पटवायचं तर आधी यंत्राच्या पोटात शिरावं लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टू-वे रेडिओचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट वायरलेस म्हणतो त्याचा, खाजगी वापर झपाट्याने वाढला. टॅक्सीवाले, तेलविहिरी खोदणारे, मोठे पशुपालक, माल वाहणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना तो हवा होता. एका ठिकाणी बेस स्टेशन, तिथे एक ऑपरेटर, आणि गाड्यांत किंवा रानात फिरते सेट. कार्टरची डॅलसमधली कंपनी याच धंद्यातली. या व्यवस्थेत एक अडचण कायमची होती. रानातल्या माणसाला त्याच्या ऑपरेटरशी बोलता येई. पण त्याला बोलायचं असे ते भलत्याच माणसाशी. सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराशी, डॉक्टरशी, घरच्यांशी. ती माणसं टेलिफोनवर. मग बेस स्टेशनचा ऑपरेटर एका कानाला फोन लावून, दुसऱ्या हातात मायक्रोफोन धरून निरोप्याचं काम करी. दुकानदार विचारी, पाइप किती इंची? ऑपरेटर तेच वायरलेसवर विचारी. उत्तर येई, ते फोनवर सांगे. निरोप्याने निरोपात काय काय बिघडू शकतं हे सांगायला नको.

दोन टोकं एकमेकांना थेट ऐकू द्यायची, तर वायरलेस सेटला बाहेरचा आवाज द्यायचा आणि त्याचा आवाज बाहेर काढायचा. ऐकायला सोपं वाटतं. ज्याने कधी टेपरेकॉर्डरची वायर वायरलेस सेटच्या मायक्रोफोनच्या सॉकेटला लावून पाहिली आहे, त्याला त्यातून येणारी गुरगुर माहीत असते. मायक्रोफोनच्या वाटेला लागतात ते काही मिलिव्होल्ट. स्पीकरच्या वाटेतून बाहेर येतो तो त्याच्या कित्येक पट मोठा संकेत. तो तसाच आत घातला तर आवाज फाटतो. मायक्रोफोनच्या तारेवर बहुधा मायक्रोफोनलाच चालवणारा डीसी दाब असतो, तो अडवायला मधे कपॅसिटर लागतो. दोन उपकरणांचं अर्थिंग दोन ठिकाणी झालं तर त्या वळशातून वीजपुरवठ्याची घरघर शिरते. ती तोडायला छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यात संकेत एका वेटोळ्यातून दुसऱ्यात चुंबकाच्या मार्गाने जातो आणि तारा एकमेकींना शिवत नाहीत.

एवढं जमलं तरी खरा पेच पुढेच असतो. टेलिफोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात, भांडूही शकतात. त्या काळच्या साध्या वायरलेसवर हे शक्य नाही. बटण दाबलं की सेट बोलतो, सोडलं की ऐकतो. टेलिफोनवरच्या दुकानदाराच्या हातात तर ते बटणच नाही. मग त्याच्या वतीने बटण कोणी दाबायचं?

कार्टरफोनने या प्रश्नाचं उत्तर कसं दिलं ते आयोगाच्या निर्णयात थोडक्यात नोंदलेलं आहे. हे यंत्र बेस स्टेशनवरच्या वायरलेस सेटला जोडलेलं असे. रेडिओवरचा माणूस आणि टेलिफोनवरचा माणूस असे दोघेही ऑपरेटरच्या संपर्कात आले की ऑपरेटर आपल्या फोनचा रिसीव्हर उचलून यंत्रावरच्या खोबणीत ठेवी. टेलिफोनवरचा माणूस बोलू लागला की यंत्रातलं आवाजावर चालणारं सर्किट आपोआप वायरलेसला प्रक्षेपणावर नेई. तो थांबला की सेट पुन्हा ऐकण्याच्या स्थितीत. शिवाय एक वेगळा स्पीकर ऑपरेटरसाठी : त्यावर त्याने संभाषण ऐकायचं, आवाज कमी-जास्त करायचा, आणि बोलणं संपलं की फोन जागेवर ठेवायचा.

म्हणजे रेडिओच्या बाजूला तार आणि टेलिफोनच्या बाजूला हवा. रिसीव्हरच्या कानाकडच्या टोकातून येणारा आवाज यंत्रातला मायक्रोफोन ऐके, आणि वायरलेसवरून येणारा आवाज यंत्र तोंडाकडच्या टोकात बोले. टेलिफोनला वाटावं, माणूसच बोलतो आहे.

आवाजावर चालणाऱ्या या स्विचचे स्वतःचे रागलोभ असतात. त्याला जागं व्हायला क्षणभर लागतो, म्हणून पहिलं अक्षर गिळलं जातं. 'नमस्कार'चा 'मस्कार' होतो. त्याला फार हळवं ठेवलं तर खोकल्यानेही प्रक्षेपण सुरू होतं, फार बधिर ठेवलं तर हळू बोलणाऱ्याचं वाक्य मधेच तुटतं. आणि टेलिफोनची एक खोड इथे आडवी येते : तोंडाकडच्या टोकात जे बोललं जातं त्याचा थोडा अंश त्याच फोनच्या कानाकडच्या टोकात परत येतो. आपलाच आवाज आपल्याला किंचित ऐकू यावा म्हणून तशी योजनाच असते. माणसाला ते सुखाचं वाटतं; पण स्विचला तो परत आलेला अंश म्हणजे पलीकडचा माणूस बोलू लागला असं वाटू शकतं. अशी जोडणी करणाऱ्या कोणालाही हा गैरसमज टाळण्याची सोय करावीच लागते. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की ही खोबण दिसते तितकी बाळबोध वस्तू नव्हे.

मग कार्टरने सरळ तारच का जोडली नाही? तसं करणारे लोक होते. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, आपल्या सेटला टेलिफोनची तार जोडत. त्याला 'फोन पॅच' म्हणत. टेलिफोनच्या दोन तारांवर फोन खाली ठेवलेला असताना सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, घंटा वाजवताना त्यावर सुमारे ९० व्होल्टचा एसी चढतो, आणि बोलणं-ऐकणं दोन्ही त्याच दोन तारांवरून चालतं. ते वेगळं करायला खास वेटोळं गुंडाळावं लागतं. हौशी मंडळी हे घरी करत आणि चोख करत. व्हिएतनाम युद्धात तिथल्या अमेरिकन सैनिकांना घरी बोलता आलं ते मोठ्या प्रमाणावर याच मार्गाने. सायगावच्या बाजूने लष्करी सेट, अमेरिकेच्या बाजूने कोण्या हौशी माणसाच्या घरातला सेट आणि त्याला जोडलेला स्थानिक फोन. १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले बॅरी गोल्डवॉटर स्वतः हॅम होते. त्यांच्या ॲरिझोनातल्या केंद्रावरून स्वयंसेवकांनी असे दोन लाखांहून अधिक फोन जोडून दिले. बटण ऑपरेटरच्या हातात, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर 'ओव्हर' म्हणणं भाग. नव्या लग्नाच्या बायकोला प्रेमाचे दोन शब्द सांगायचे आणि मग 'ओव्हर' म्हणायचं, तेही मधला ऑपरेटर ऐकत असताना. जुन्या सैनिकांच्या आठवणींत हा 'ओव्हर' हटकून येतो.

नियम पाहिला तर यालाही बंदीच होती. फोन पॅच चालत राहिले हा भाग वेगळा. पण कार्टर हौशी नव्हता, तो व्यापारी होता. त्याला यंत्र विकायचं होतं, आणि टेलिफोन कंपनीच्या सेवाशर्ती त्याला ठाऊक होत्या.

त्या शर्ती म्हणजे या कथेतलं दुसरं मुख्य पात्र. अमेरिकेतले बहुसंख्य फोन बेल सिस्टिमचे, म्हणजे एटी अँड टी या कंपनीच्या साम्राज्यातले. तारा तिच्या, एक्स्चेंज तिची, भिंतीवरचा फोन तिचा, आणि तो फोन बनवणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीही तिचीच. ग्राहक भाडं भरणार. आयोगाकडे दाखल केलेल्या दरपत्रकात तिने लिहून ठेवलं होतं की कंपनीने न पुरवलेलं कोणतंही उपकरण कंपनीच्या साधनांना जोडता येणार नाही : प्रत्यक्ष जोडून नाही, विद्युत प्रवर्तनाने नाही, किंवा अन्य कोणत्याही प्रकारे नाही. मोडणाऱ्याची सेवा कंपनी बंद करू शकत होती. शेवटचे शब्द ज्याने लिहिले त्या माणसाचं मला कौतुक वाटतं. 'अन्य कोणत्याही प्रकारे' यात हवाही आली.

आपल्या वाचकांना यात फारसं नवल वाटणार नाही. घरातला काळा फोन डाक-तार खात्याचा होता, आपण नुसते भाडेकरू. १८८५च्या इंडियन टेलिग्राफ ॲक्टने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा विशेषाधिकार सरकारकडेच ठेवला होता. मात्र एक फरक लक्षात घ्यावा. अमेरिकेत मक्तेदारी खाजगी कंपनीची होती आणि तिच्या डोक्यावर १९३४च्या कायद्याने नेमलेला फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन हा आयोग होता. कंपनीच्या शर्ती वाजवी असल्या पाहिजेत आणि त्यांत अवाजवी भेदभाव नसावा, असं तो कायदा म्हणत होता. म्हणजे ग्राहकाला दाद मागायला एक दार होतं. आपल्याकडे सेवा देणारं खातं आणि नियम करणारं खातं एकच. स्वतंत्र नियामक, ट्राय, आला तो १९९७ मध्ये.

कार्टरच्या आधी ते दार एकाने ठोठावलं होतं, आणि ते प्रकरण कार्टरइतकंच वाचनीय आहे. हश-ए-फोन नावाची एक पेल्यासारखी वस्तू १९२० च्या दशकापासून बाजारात होती. ती फोनच्या तोंडाकडच्या टोकावर बसवायची आणि तिच्यात तोंड घालून बोलायचं. शेजारच्या टेबलावरच्याला आपलं बोलणं ऐकू जात नाही. त्यात वीज नाही, वायर नाही. तरी कंपनीने ती वर्ज्य ठरवली. उत्पादकाने १९४८ मध्ये आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने सात वर्षं घेतली आणि १९५५ मध्ये कंपनीच्या बाजूने कौल दिला : या पेल्याने आवाज घुमतो, पलीकडच्याला नीट ऐकू येत नाही, म्हणजे सेवेला बाधा येते. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. माणूस नुसता हाताचा द्रोण करून बोलला तरी असाच परिणाम होतो, मग हाताला मुभा आणि पेल्याला बंदी कशी, असा न्यायालयाचा सवाल होता. ग्राहकाला स्वतःच्या फायद्यासाठी फोन वापरण्याचा हक्क आहे, इतरांना त्याचा त्रास होत नसेल तोवर, हे सूत्र तिथे बसलं. ध्वनिशास्त्राच्या बाजूने उत्पादकाला साहाय्य करणाऱ्यांत लिओ बेरानेक होते. पुढे त्यांनीच काढलेल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने १९६९ मध्ये अर्पानेटची, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाची, पहिली जोडयंत्रं बनवली. योगायोगच, पण नोंदवावासा वाटला.

हा निकाल लागूनही कंपनीने शर्त फारशी सैल केली नाही. पेल्यासारख्या वस्तूंपुरती वाट दिली. दुसऱ्या यंत्रणेशी जोडणी करणारी उपकरणं मात्र बंदीतच राहिली. अशा वेळी, १९५९ मध्ये, कार्टरफोन बाजारात आला. १९६६ पर्यंत सुमारे ४,५०० यंत्रं बनली आणि त्यांतली ३,५०० विक्रेत्यांना विकली गेली, काही अमेरिकेबाहेरही. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना कळवलं की हे यंत्र वर्ज्य आहे आणि वापराल तर दरपत्रकातल्या कारवाईला पात्र व्हाल. ज्याचा सगळा धंदाच फोनवर आहे असा टॅक्सीवाला अशा सूचनेनंतर काय करील?

कार्टरने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली एटी अँड टी आणि जनरल टेलिफोन कंपनी ऑफ द साउथवेस्ट यांच्यावर टेक्सासच्या संघीय न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने १९६६ मध्ये सांगितलं की दरपत्रक वैध की अवैध हे आधी आयोगाने ठरवावं. प्रकरण वॉशिंग्टनला गेलं. सुनावणी अधिकाऱ्यापुढे साक्षी झाल्या, आणि तिथे यंत्राची रचना कामाला आली. कार्टरफोनमुळे टेलिफोनच्या यंत्रणेला काही घातक परिणाम होतो असं दाखवताच आलं नाही. ४८ व्होल्टच्या तारेला बाहेरचं काही शिवतच नव्हतं. खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसण्याचा प्रश्न नव्हता. शेजारच्या तारांत गळेल इतका जोरदार संकेत कंपनीच्याच रिसीव्हरच्या तोंडातून जाणार कसा? मी वर म्हटलं ते हेच. कार्टरने तारेने जोडणी केली असती तर हा खटला अनेक वर्षं व्होल्ट आणि डेसिबलच्या चर्चेत अडकून पडला असता.

कंपनीची बाजू मूर्खपणाची होती असं मात्र मी म्हणणार नाही. तिचे अभियंते जगातले उत्तम अभियंते होते. टेलिफोनचं जाळं हे एकच यंत्र आहे, त्याच्या एका टोकाला केलेली गडबड दुसऱ्या टोकाच्या भलत्याच माणसाला भोगावी लागते, आणि बिघाड झाल्यावर तुमचं की आमचं या वादात दुरुस्ती अडते, असं त्यांचं म्हणणं होतं. हवेचं अंतर ठेवलं म्हणजे सगळं निर्धोक, हेही खरं नव्हे. लांब पल्ल्याच्या तारा मोकळ्या आहेत हे एक्स्चेंजला कळवायला कंपनी त्या काळी २६०० हर्ट्झचा सूर वापरत होती. जो एंग्रेसिया नावाचा एक जन्मांध मुलगा तोंडाने अचूक तो सूर शिट्टीत काढी आणि एक्स्चेंजला चकवी. कंपनीच्याच फोनमधून, नुसत्या हवेतून. पण यातून कंपनीच्या बाजूपेक्षा कार्टरचीच बाजू बळकट होते असं मला वाटतं. ज्या जाळ्याला एका मुलाची शिट्टी फसवू शकते, त्याचं रक्षण उपकरणांच्या मालकीने होणार नाही.

आयोगाचा निर्णय कमिशनर निकोलस जॉन्सन यांनी लिहिला. तेव्हा त्यांचं वय ३३. सुनावणी अधिकाऱ्याने कार्टरफोनला पुढच्या काळापुरती मुभा द्यावी, मागचं दरपत्रक मात्र अवैध ठरवू नये, असा मध्यम मार्ग सुचवला होता. आयोग त्याच्या पुढे गेला. टेलिफोन यंत्रणेला बाधा न आणणारी उपकरणंही सरसकट वर्ज्य करणारी शर्त अवाजवी आहे, आणि कंपनीच्या स्वतःच्या जोडउपकरणांना मुभा, बाहेरच्यांना बंदी, हा अवाजवी भेदभाव आहे. म्हणून ती शर्त केली तेव्हापासूनच अवैध आहे, असं आयोगाने ठरवलं. ज्याला टेलिफोन आणि स्वतःची खाजगी रेडिओ यंत्रणा या दोन्हींची उपयुक्तता वाढवायची आहे त्याला ते करता आलं पाहिजे. खरोखर घातक उपकरणं रोखायला कंपनी मोकळी आहे, त्यासाठी मानकंही ठरवावीत.

आधी ग्राहकाने सिद्ध करायचं होतं की त्याला परवानगी आहे. आता कंपनीने सिद्ध करायचं होतं की धोका आहे. पुराव्याचं ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर गेलं. मला विचाराल तर कार्टरफोनच्या निर्णयात याहून मोठं काही नाही, आणि हे पुरेसं मोठं आहे.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नये. १९६९ च्या जानेवारीत कंपनीचं नवं दरपत्रक लागू झालं. बाहेरची उपकरणं जोडा, पण मधे आमची एक संरक्षक पेटी बसवा, आणि तिचं दरमहा भाडं भरा! उत्तर देणारं यंत्र विकत घेणाऱ्याला यंत्राबरोबर आता पेटीही पोसावी लागे. ही पेटीची रड बरीच वर्षं चालली. १९७५ मध्ये आयोगाने ठरवलं की उपकरणाची मानकांनुसार नोंदणी झाली असेल तर पेटीची गरज नाही. कंपन्या न्यायालयात गेल्या, १९७७ मध्ये हरल्या, आणि मग भिंतीवर तो लहानसा चौकोनी प्लास्टिकचा जॅक आला, ज्यात कोणाचाही फोन, कोणाचाही फॅक्स, कोणाचाही मोडेम खटकन बसतो. १९८१चा हेज कंपनीचा मोडेम थेट तारेला जोडला जात होता तो याच जॅकमुळे.

मोडेमची ही परंपरा सांगताना ज्या माणसाला बहुतेक जण विसरतात, त्याचं नाव रॉबर्ट वाइटब्रेख्ट. हा भौतिकशास्त्रज्ञ जन्मतः बहिरा होता आणि हौशी रेडिओवाला होता. वायरलेस सेटला टेलिप्रिंटर जोडून तो दूरदूरच्या हॅम मित्रांशी टंकलेल्या अक्षरांत गप्पा मारी. रेडिओला बाहेरचं यंत्र जोडण्याचीच ही आणखी एक तऱ्हा : टेलिप्रिंटरच्या अक्षरांचे सूर करून ते प्रक्षेपित करायचे, आणि आलेल्या सुरांची पुन्हा अक्षरं करायची. म्हणजे जो माणूस रेडिओवर परमुलखातल्या माणसाशी बोलू शकत होता, त्याला आपल्याच गावातल्या मित्राला फोन करता येत नव्हता. पॅसाडेनाचे दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स आणि रेडवूड सिटीचे अँड्र्यू सॅक्स, दोघेही बहिरे, यांनी त्याला हेच टेलिफोनवर जमवायला सांगितलं. टेलिप्रिंटर थेट तारेला जोडायला बंदी होतीच. वाइटब्रेख्टने मग तेच केलं जे कार्टरने केलं होतं : रिसीव्हर ठेवायची खोबण, दोन्ही टोकांशी हवा, आणि तारेऐवजी सूर. तारेवरून परत येणारे प्रतिध्वनी अक्षरांची खिचडी करत. तो त्यावर झगडत राहिला आणि १९६४ च्या मे महिन्यात रेडवूड सिटी ते पॅसाडेना असा लांब पल्ल्याचा फोन लागला. आधी कागदावर अर्थहीन अक्षरं उमटली, मग वाचता येईल असं वाक्य. बहिऱ्या माणसाने बहिऱ्या माणसाला, मधे कोणीही ऐकू येणारा दुभाष्या न घेता केलेला तो फोन होता.

त्या दिवशी दरपत्रकाचे शब्द अक्षरशः लावले असते तर तो फोनही वर्ज्यच ठरला असता. कार्टरच्या निर्णयाला अजून चार वर्षं होती. १९६८ मध्येच एटी अँड टी आपले जुने, वापरातून काढलेले टेलिप्रिंटर बहिऱ्यांच्या संस्थांना द्यायला राजी झाली आणि ती वजनदार यंत्रं गोळा करून, दुरुस्त करून घरोघर पोचवण्याचं काम बहिऱ्या स्वयंसेवकांनी अंगावर घेतलं. पुढे यंत्रं हलकी झाली, मांडीवर मावू लागली. भिंतीवरचा जॅक आल्यावर रिसीव्हरच्या खोबणीची कायद्याने गरज उरली नव्हती, तरी दोन रबरी वाट्या असलेली ही यंत्रं आणखी कित्येक वर्षं बनत राहिली, कारण रस्त्यावरच्या किंवा विमानतळावरच्या सार्वजनिक फोनचा जॅक हाताशी नसे, रिसीव्हर मात्र असे.